एमबीबीएसला असताना पहिले संशोधन कसे करावे

संशोधन म्हणजे पीजीला (पदव्युत्तर शिक्षणाला) गेल्यावर करायची गोष्ट, असा समज आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत इतका रुजलेला आहे की बहुतेक विद्यार्थ्यांची संशोधनाशी पहिली गाठ थीसिसच्या निमित्तानेच पडते. त्या वेळी वॉर्डचे काम डोक्यावर असते, रात्रपाळ्या असतात, सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, सादर करण्याची तारीख जवळ आलेली असते, आणि मग वरच्या बॅचच्या थीसिसमधला विषय थोडा फिरवून घेणे एवढाच मार्ग दिसतो. ही वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर पहिला लहानसा अभ्यास एमबीबीएसच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षीच हातावेगळा करावा. सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांचे जे प्रकल्प जवळून पाहिले, त्यांवरून माझे मत असे झाले आहे की नुसत्या कार्यशाळांना बसून संशोधनाचा आत्मविश्वास फारसा वाढत नाही. एखादा छोटा प्रश्न स्वतः निवडला, त्याची माहिती स्वतः गोळा केली आणि त्याचा अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत लिहून पूर्ण केला की तो येतो. त्यामुळे पुढील सगळ्या सूचना एकाच हेतूने केल्या आहेत: विद्यार्थ्याने हाती घेतलेले पहिले काम अर्धवट राहू नये.

प्रश्न जवळचा हवा आणि लहान हवा

चांगल्या प्रश्नासाठी मोठी प्रयोगशाळा लागते असे नाही, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती. दंश झालेल्या रुग्णाजवळ बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, गार पडलेले हातपाय आणि फुप्फुसात होणारे पाणी यांच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या रुग्णांसाठी वापरले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी केलेली 70 रुग्णांची यादृच्छिक चाचणी (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून केलेली) 2011 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे तीत दिसले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा 92 टक्के स्त्रियांमध्ये कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार आढळला, आणि अशी तपासणी पूर्वी कधी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. हा अभ्यासही 1989 मध्ये ‘लॅन्सेट’नेच छापला.

या दोन्ही उदाहरणांत प्रश्न रोज समोर येणाऱ्या रुग्णांनीच पुढे ठेवला होता. विद्यार्थ्याने त्यातून एवढे घ्यावे की ओपीडीत, वॉर्डात, ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात किंवा कुटुंब दत्तक उपक्रमातील घरी जे पाहून मनात ‘असे का होते?’ असे येते, ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. अशी वही सहा महिने ठेवली तर विषय सुचत नाही ही तक्रार उरत नाही. मात्र या संशोधकांनी त्या कामाला वर्षानुवर्षे दिली आणि विद्यार्थ्याच्या हाती जेमतेम दोन महिने असतात, म्हणून वहीतला प्रश्न बराच छाटून घ्यावा लागतो.

छाटायचा कसा, हे एका उदाहरणावर पाहू. ‘महाराष्ट्रातील स्त्रियांमधील रक्तक्षय’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. तो एका माणसाला दोन महिन्यांत झेपणारा नाही आणि त्याचे उत्तरही बरेचसे उपलब्ध आहे: 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांना आणि 45.7 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. आता ‘कोण’, ‘कुठे’, ‘काय मोजणार’ हे तीन प्रश्न त्या विषयाला विचारावेत. त्यातून असे काहीतरी हाती येईल: ‘आमच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात तपासणीसाठी येणाऱ्या, गर्भारपणाचा चौथा महिना उलटलेल्या स्त्रियांपैकी किती जणींचे हिमोग्लोबिन 11 ग्रॅमपेक्षा कमी आहे, आणि गेल्या सात दिवसांत त्यांनी लोहाच्या किती गोळ्या घेतल्या आहेत?’ या वाक्यातील प्रत्येक शब्द मोजता किंवा तपासता येतो. हिमोग्लोबिनची तपासणी केंद्रात होतच असते आणि माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलीही असते, त्यामुळे अभ्यासासाठी कोणाला वेगळी सुई टोचावी लागत नाही. पहिल्या अभ्यासाचा प्रश्न असाच असावा, म्हणजे नेहमीच्या कामातून मिळणाऱ्या माहितीवर भागणारा आणि फार तर दोन गोष्टी मोजणारा.

वाचन: आधी मराठीत सांगता यावे

प्रश्न ठरला की त्यावर इतरांनी काय केले आहे ते पाहावे. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर शोधताना एकच लांब वाक्य टाकू नये. रक्तक्षय, गर्भारपण आणि भारत या तीन कल्पना वेगळ्या कराव्यात, प्रत्येकीचे पर्यायी शब्द ‘ऑर’ने आणि तिन्ही कल्पना एकमेकींशी ‘अँड’ने जोडाव्यात. रक्तक्षयासाठीच्या ‘ॲनिमिया’ या शब्दाचे ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंग वेगळे असल्यामुळे केवळ शीर्षकांत शोधल्यास निम्मे लेख निसटू शकतात, ‘मेश’ या पबमेडच्या संज्ञाकोशातला शब्द वापरला की ही अडचण राहत नाही. मिळालेले लेख झोटेरोसारख्या मोफत संदर्भव्यवस्थापकात पहिल्या दिवसापासून साठवावेत. ही सवय नसली तर अहवालाच्या शेवटच्या आठवड्यात संदर्भांचे क्रमांक जुळवण्यातच रात्री जातात.

पहिल्या अभ्यासासाठी आठ-दहा लेख नीट वाचले तरी पुरते. वाचण्याचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. सारांश वाचून झाला की थेट ‘पद्धती’ वाचावी, नंतर पहिला तक्ता पाहावा, म्हणजे अभ्यासात कोण माणसे होती हे कळते. मग निष्कर्षांचे तक्ते पाहून आपल्याला काय दिसते ते एका ओळीत लिहावे आणि त्यानंतरच लेखकांची चर्चा उघडावी. आपली ओळ आणि लेखकांचे म्हणणे यांत अंतर पडले, तर घाबरू नये. ते अंतर का पडले हे शोधण्यातच वाचन शिकता येते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयांत मराठी माध्यमातून आलेली मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. जर्नल क्लबमध्ये, म्हणजे लेख वाचून त्यावर चर्चा करण्याच्या बैठकीत, इंग्रजीत बोलण्याच्या धास्तीने ती मागच्या बाकावर बसतात, आणि त्यांना संशोधनात रस नाही असा चुकीचा अर्थ काढला जातो. अशा विद्यार्थ्याला लेख आधी मराठीत सांगू द्यावा: कोणावर अभ्यास केला, काय मोजले, काय आढळले, कुठे शंका येते. ज्याला हे चार मुद्दे मराठीत स्वच्छ सांगता येतात त्याला लेख समजलेला असतो. पुढचे इंग्रजी सादरीकरण दोन-तीन वेळा तालीम केल्यावर जमते. याउलट इंग्रजीत सफाईने बोलणारा विद्यार्थी कधी कधी सारांशच पुन्हा वाचून दाखवतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

गाईड, एथिक्स कमिटी आणि वेळापत्रक

गाईड, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, निवडताना पदापेक्षा वेळ पाहावा. आठवड्यातून अर्धा तास ठरलेल्या वेळी भेटणारा सहायक प्राध्यापक हा वर्षातून दोनदा सही देणाऱ्या विभागप्रमुखापेक्षा पहिल्या अभ्यासासाठी अधिक उपयोगी पडतो. पहिल्या भेटीला जाताना ‘सर, काही विषय द्या’ असे म्हणत जाऊ नये; वहीतले तीन प्रश्न आणि प्रत्येकावरचा एखादा वाचलेला लेख घेऊन जावे. बोलणे लगेच वेगळ्या पातळीवर सुरू होते. याच सुरुवातीच्या भेटींत लेखकांच्या नावांचा विषयही काढावा, कारण नंतर तो काढणे अवघड जाते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांप्रमाणे लेखक म्हणवणाऱ्याचा अभ्यासाच्या आखणीत किंवा माहितीच्या संकलनात वा विश्लेषणात भरीव वाटा असावा लागतो, लिखाणात किंवा त्याच्या चिकित्सक सुधारणेत सहभाग असावा लागतो, अंतिम मसुद्याला संमती असावी लागते आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी असावी लागते. चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. आदर म्हणून किंवा मैत्रीखातर नाव घालणे या निकषांत बसत नाही, आणि विद्यार्थ्याचे नाव गाळणे तर मुळीच बसत नाही.

एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासून मान्यता देणाऱ्या समितीच्या, बैठका कधी होतात हे सगळ्यांत आधी विचारून घ्यावे, कारण काही महाविद्यालयांत त्या दोन-तीन महिन्यांनी एकदाच होतात आणि विद्यार्थ्याचे सारे वेळापत्रक त्या तारखेवर अवलंबून असते. मान्यता मिळण्यापूर्वी एकही फॉर्म भरू नये. मागाहून मान्यता घेता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रस्तावांना जोखमीप्रमाणे पूर्ण परीक्षण, शीघ्र परीक्षण किंवा परीक्षणातून सूट मिळू शकते. पण सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, विद्यार्थी किंवा गाईड नव्हे. कमिटीत एक सामान्य नागरिक सदस्यही असतो. त्यामुळे संमतिपत्राचे मराठी साधे आणि कोणालाही कळेल असे लिहावे. ‘सदर अभ्यासाअंतर्गत प्राप्त माहिती गोपनीय राखण्यात येईल’ यापेक्षा ‘तुमचे नाव आम्ही कुठेही लिहिणार नाही’ हे वाक्य केंद्रावर आलेल्या बाईला कळते आणि तिचा विश्वासही बसतो.

आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती, जिला सगळे एसटीएस म्हणूनच ओळखतात, 1979 पासून याच कामासाठी आहे. एमबीबीएस आणि बीडीएसचे विद्यार्थी गाईडच्या मदतीने प्रस्ताव पाठवतात, निवड झाल्यावर दोन महिने काम करून अहवाल देतात, आणि अहवाल मान्य झाल्यावर विद्यावेतन व प्रमाणपत्र मिळते. जाहिरात आल्यावर विषय शोधायला लागलेल्यांचे प्रस्ताव घाईचे दिसतात, म्हणून प्रश्न, वाचन आणि पद्धती ही तयारी आधीच करून ठेवावी. निवड झाली नाही तरी तो प्रस्ताव फेकू नये. कमिटीची मान्यता घेऊन तेच काम महाविद्यालयात करता येते, आणि अशा कामातून शिकायला काही कमी मिळत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय रोगपरिस्थितीविज्ञान संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत ऑनलाइन अभ्यासक्रम पीजी विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. त्यातील व्याख्याने एमबीबीएसच्या विद्यार्थ्यानेही ऐकावीत. मात्र ती आपला प्रश्न हातात असताना ऐकावीत, तरच ती डोक्यात राहतात.

किती जणींना विचारायचे?

सॅम्पल साईझ, म्हणजे अभ्यासात किती जणी घ्यायच्या ती संख्या, या शब्दाने विद्यार्थी जेवढे बिचकतात तेवढे दुसऱ्या कशाने बिचकत नाहीत. एखाद्या गोष्टीचे प्रमाण काढायचे असेल तर आपल्याकडे चार पी क्यू भागिले एल वर्ग हे सूत्र शिकवतात. पी म्हणजे आधीच्या माहितीवरून अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, आणि एल म्हणजे आपण किती चूक चालवून घेणार तो आकडा. गरोदर स्त्रियांमधील 45.7 टक्के हा आकडा 46 धरला तर क्यू 54 येतो. दहा टक्क्यांची चूक चालणार असेल तर 4 गुणिले 46 गुणिले 54 भागिले 100, म्हणजे सुमारे 100 स्त्रिया लागतात. पाच टक्केच चूक चालवायची म्हटले तर भागाकार 25 ने होतो आणि संख्या 398 वर जाते. चूक निम्मी करायची तर काम चौपट वाढते, हे एकदा स्वतः आकडेमोड करून पाहिले की सूत्राची भीती निघून जाते. एकट्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांत 398 स्त्रियांना शांतपणे भेटता येणार नाही. त्याने 100 ठरवाव्यात, नकार आणि अपुरे फॉर्म यांसाठी दहा जणी जास्त धराव्यात आणि दहा टक्क्यांची मर्यादा अहवालात उघडपणे लिहावी.

त्या कोणत्या दिवशी भेटणार, हेही आधी ठरवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानामुळे दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची मोठी गर्दी होते, आणि फक्त त्याच दिवशी जाऊन फॉर्म भरण्याचा मोह होतो. पण त्या दिवशी धोक्याची लक्षणे असलेल्या स्त्रियांना मुद्दाम बोलावलेले असू शकते, तेव्हा मिळणारे प्रमाण फसवे ठरेल. सर्व तपासणी-दिवशी जावे आणि नोंदवहीतील क्रमाने, कोणालाही न वगळता विचारावे.

प्रश्नावली आणि केंद्रावरचा पहिला दिवस

प्रश्नावली इंग्रजीत तयार करून जागेवर मराठीत विचारत राहिले, तर प्रत्येक वेळी प्रश्न थोडा बदलतो. ती आधीच मराठीत लिहावी, दुसऱ्या कोणाकडून परत इंग्रजीत करून घ्यावी आणि दोन्ही इंग्रजी मसुदे ताडून पाहावेत. शब्द त्या भागातले घ्यावेत. ‘तुम्हाला अशक्तपणा जाणवतो का?’ याला जवळपास प्रत्येक जण हो म्हणते. ‘उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते का?’, ‘विहिरीवरून किंवा नळावरून हंडा आणताना दम लागून मध्ये थांबावे लागते का?’ असे विचारले की उत्तरांत फरक दिसू लागतो.

गोळ्यांचे तेच. ‘गोळ्या नियमित घेता का?’ या प्रश्नाला पांढरा कोट घातलेल्या माणसासमोर कोणतीही बाई नाही म्हणत नाही. ‘काल गोळी घेतली होती का?’ असे सुरू करावे, मग ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस राहून गेली?’ असे विचारावे. राहून जाणे स्वाभाविक आहे असे प्रश्नातूनच सूचित झाले की खरे उत्तर मिळते. पिशवीत पाकीट असेल तर ते दाखवायला सांगून उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. एखादी सांगते की गोळीने संडास काळी होते म्हणून सासूबाईंनी बंद करायला लावली, एखादी म्हणते मळमळते, एखादीला गोळ्या मिळालेल्याच नसतात. ही उत्तरे प्रश्नावलीतील ‘इतर’ या रकान्यात कोंबू नयेत. ती शब्दशः लिहून घ्यावीत, कारण केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पुढे सर्वांत उपयोगी पडतात ती हीच. खरे काम सुरू करण्याआधी पाच-सात जणींवर प्रश्नावली चाचपून पाहावी. त्या अंतिम शंभरात धरू नयेत.

संमती विचारताना शक्यतो कोट काढून, बाईच्या शेजारी बसून बोलावे, आणि ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमची तपासणी आणि औषधे नेहमीसारखीच मिळतील’ हे वाक्य अगदी सुरुवातीला सांगावे. वय 18 पूर्ण असण्याची अट प्रस्तावातच घालावी. कार्डावर हिमोग्लोबिन 7 पेक्षा कमी दिसले, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच वेळी वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगावे. तीव्र रक्तक्षय असलेली बाई आपल्या फॉर्मवर एक आकडा म्हणून नोंदली जाऊन घरी परत गेली, असे कदापि घडू नये. या कर्तव्याचा उल्लेख प्रस्तावात केलेला असावा, आणि कमिटीनेही तो विचारावा.

नोंदी आणि आकडे

फॉर्म भरायला लागण्याआधी अहवालातले तक्ते रिकामे आखून ठेवावेत. कोणत्या रकान्यात काय येणार हे आधी ठरले की अनावश्यक प्रश्न आपोआप गळून पडतात आणि एखादा राहून गेलेला प्रश्न वेळेवर सापडतो. मला ही युक्ती सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी तीच फार थोडे जण वापरतात.

एक्सेलमध्ये एका ओळीत एक बाई आणि एका रकान्यात एकच गोष्ट असावी. हिमोग्लोबिनच्या रकान्यात कुठे ‘11’, कुठे ‘11.2 ग्रॅम’, कुठे ‘केले नाही’ असे लिहिले, तर संगणक त्या रकान्याची सरासरी काढू शकत नाही किंवा चुकीची काढतो. रकान्यात फक्त आकडा लिहावा, एकक शीर्षकात द्यावे, माहिती नसेल तर जागा रिकामी ठेवावी. नाव कधीही टाकू नये. क्रमांक टाकावा, आणि नाव-क्रमांकाची यादी गाईडकडे कुलपात राहावी. रोजचे फॉर्म त्याच संध्याकाळी भरावेत आणि दर दहावा फॉर्म मैत्रिणीकडून तपासून घ्यावा. मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे.

विश्लेषणासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. ब्राउझरमध्ये चालणारे ओपन एपी किंवा जामोव्ही ही दोन्ही मोफत आहेत. पण बटण दाबण्याआधी एक हिशेब हाताने करावा. समजा, 100 पैकी 54 जणींना रक्तक्षय आढळला. राज्याचा आकडा 45.7, आपला 54. विद्यार्थ्याच्या मनात लगेच शीर्षक तयार होते की आमच्या भागात रक्तक्षय राज्यापेक्षा जास्त आहे. आता 54 टक्क्यांची विश्वासमर्यादा, म्हणजे खरे प्रमाण ज्या टप्प्यात असण्याची दाट शक्यता आहे तो टप्पा, काढावी: 0.54 गुणिले 0.46 भागिले 100 याचे वर्गमूळ सुमारे 0.05, त्याला 1.96 ने गुणले की जवळपास 10 टक्के. म्हणजे खरे प्रमाण साधारण 44 ते 64 टक्क्यांच्या दरम्यान असू शकते, आणि 45.7 त्याच टप्प्यात बसते. तेव्हा जास्त आहे असा दावा या शंभर जणींवरून करता येत नाही. शिवाय राष्ट्रीय सर्वेक्षणात बोटातून घेतलेल्या रक्तावर घरोघरी तपासणी होते आणि आपले आकडे केंद्रात आलेल्या स्त्रियांचे आहेत. ज्या विद्यार्थ्याने हा हिशेब करून आपले आवडते शीर्षक स्वतःच मागे घेतले, त्याला परिषदेत कोणी कितीही उलट प्रश्न विचारले तरी तो उभा राहतो. कारण ते प्रश्न त्याने आधीच स्वतःला विचारलेले असतात.

लिहिणे आणि छापणे

‘पद्धती’ हा भाग माहिती गोळा करायला लागण्याआधीच लिहून ठेवावा. तो बहुतांशी प्रस्तावातच तयार असतो. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी ‘स्ट्रोब’ या नावाने ओळखली जाणारी 22 मुद्द्यांची यादी आहे. ती शेजारी ठेवून लिहिले की काय सुटले ते लगेच दिसते. चर्चेत आपला आकडा, इतरांचे आकडे, फरकाची संभाव्य कारणे आणि अभ्यासाच्या मर्यादा एवढे पुरे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून भाषा तपासून घेतली तर नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसे नमूद करावे, पण संदर्भ त्यांच्याकडून घेऊ नयेत. ही साधने अस्तित्वात नसलेल्या लेखांची खरी वाटणारी नावे देतात. जो लेख स्वतः उघडून वाचला नाही तो संदर्भांत घालू नये.

आठवड्याभरात छापून देऊ, पैसे भरा, असे ईमेल विद्यार्थ्यांना येऊ लागतात. अशा ठिकाणी लेख गेला की तो परत काढणे फार कठीण असते. नियतकालिक मेडलाइन, स्कोपस किंवा डीओएजे या नियतकालिकांच्या सूचींपैकी कशात आहे हे त्या त्या यादीतच जाऊन तपासावे, त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या दाव्यावर जाऊ नये. मुंबईच्या केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून 1955 पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’सारखी नियतकालिके नियमित वाचत राहिल्यास चांगला लेख कसा दिसतो याची पारख तयार होते. लेख नाकारला गेला तर परीक्षकांचे अभिप्राय गाईडबरोबर एकेक करून वाचावेत. बहुतेक वेळा त्यांतले निम्मे मुद्दे बरोबर असतात आणि पुढच्या मसुद्यात कामी येतात.

शिक्षकांनी काय करावे

विद्यार्थ्याच्या आत्मविश्वासाचा मोठा भाग शिक्षकाच्या वागण्यावर अवलंबून असतो. प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, चला, शोधू’ असे वर्गात म्हणावे. यामुळे आदर कमी होत नाही, आणि विद्यार्थ्यांनाही माहीत नाही म्हणण्याची मुभा मिळते. भेटीत आधी विद्यार्थ्याला बोलू द्यावे, आणि मसुद्यावर लाल शाईने सगळे बदलण्याऐवजी तीनच मुद्दे सुचवावेत, म्हणजे दुरुस्ती त्याच्या हातून होते. प्रत्येक नव्या गटाबरोबर एक अभ्यास पूर्ण केलेला इंटर्न जोडून द्यावा, कारण एथिक्सचा फॉर्म कुठे मिळतो आणि एमआरडीत, म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी विभागात, जुने केस पेपर कोण काढून देतो हे त्यालाच ठाऊक असते. छापून येईलच असे आश्वासन मात्र देऊ नये. अभ्यास पूर्ण होईल आणि आपण शेवटपर्यंत सोबत राहू, एवढेच सांगावे आणि ते पाळावे.

अहवाल पूर्ण झाला की त्यातील दोन पाने मराठीत करून आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, एएनएम (आरोग्य केंद्राच्या परिचारिका) आणि आशांना समक्ष भेटून द्यावीत: किती जणींना रक्तक्षय होता, गोळ्या का राहून जातात, कोणत्या गावांत पुरवठा पोहोचलेला नव्हता. आशांचे म्हणणे ऐकून घ्यावे, कारण आपल्या आकड्यांचा जो अर्थ आपण लावला तो कुठे चुकला हे त्या बहुधा सांगू शकतात. ती दुरुस्ती अंतिम प्रतीत करावी. त्यानंतर नावे नसलेली एक्सेल फाइल, रकान्यांचा अर्थ सांगणारे एक पान, मराठी प्रश्नावली आणि संमतिपत्र गाईडकडे सोपवावे, म्हणजे पुढच्या बॅचमधील एखाद्याला गोळ्यांविषयी बोलून काही बदलले का, हा प्रश्न त्याच केंद्रात, त्याच शब्दांत विचारता येईल.